ज्ञानूची खंडेनवमी

आमच्या कॉलेजात संशोधन चालतं असं म्हटलं की सांगलीतले लोक आधी हसतात आणि मग कुठलं कॉलेज म्हणून विचारतात. नाव मी सांगत नाही. माझी अजून चार वर्षं नोकरी शिल्लक आहे.

मी तिथं भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्या प्रयोगशाळेसमोरचा व्हरांडा ओलांडला की जीवशास्त्राची संशोधन प्रयोगशाळा. तिला एकदा दिल्लीहून भलंमोठं अनुदान मिळालं. का मिळालं, हे देणाऱ्यांनाही धड सांगता आलं नसतं. त्यातून एसी आले, काचेचं दार आलं, दारावर विभागप्रमुख डॉक्टर वीरधवल सरांच्या नावाची पितळी पाटी आली आणि उरलंसुरलं संशोधनही आलं. पेशी वाढवायला दोन उबदार कपाटं होती, इन्क्युबेटर म्हणतात ती. एक मोठं, नवं. दुसरं धाकटं, मुंबईच्या कुणीतरी टाकायला काढलेलं. दोन्हींत बारा महिने सदतीस अंश, म्हणजे माणसाच्या अंगाइतकी ऊब. त्या उबेत तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी गुलाबी सरबतासारखं काहीतरी पीत मजेत वाढायच्या. आणि या सगळ्या डामडौलावर नजर ठेवायला शिपाई एकच होता, ज्ञानू.

ज्ञानू मूळचा लोणंदकडचा. त्या घरात पोरगं चालायला लागलं की त्याला पळायला शिकवतात आणि अठराचं झालं की भरतीला नेऊन उभं करतात. आजा फौजेत, बाप फौजेत, थोरला भाऊ हंबीरराव फौजेत. ज्ञानूची छाती मात्र फुगवून अर्धा इंच कमी भरली. तीनदा गेला, तिन्ही वेळा तोच अर्धा इंच. हंबीरराव सुभेदार होऊन घरी आले, पांढरे झाले, तरी लग्नकार्यात पाहुण्यांना ओळख करून द्यायचे, "ह्यो आमचा धाकटा. अर्धा इंच कमी." पाहुणे हसायचे. ज्ञानूही हसायचा, कारण दुसरं करायचं काय?

भरती हुकली तसा तो सांगलीकडे आला आणि माधवनगरातल्या एका यंत्रमागाच्या शेडात लागला. तिथं पंधरा वर्षं कापड विणलं. शेड बंद पडलं आणि कुणाच्या तरी ओळखीनं आमच्याकडे शिपाई झाला. मागावरून त्यानं दोन गोष्टी सोबत आणल्या. एक म्हणजे थोडा बहिरा उजवा कान. दुसरी, खंडेनवमीला यंत्र चालवायचं नाही ही शिस्त. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्याराची पूजा सगळेच करतात, पण ज्ञानूच्या लेखी नुसतं हळदकुंकू पुरेसं नव्हतं. यंत्राला त्या दिवशी विसावा हवा. त्या शेडात एका वर्षी मालकानं खंडेनवमीला माग चालू ठेवले आणि धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन पळणारं लाकूड, उडून एका कामगाराचा डोळा गेला. "तवापासनं मालकबी शाणा झाला," ज्ञानू सांगायचा. धोटा एरवीही उडायचा, हे मी त्याला एकदा सांगून पाहिलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

तर दर खंडेनवमीला तो दोन्ही कपाटांना झेंडूचे हार घालायचा आणि दुसऱ्या सकाळपर्यंत बटण बंद ठेवायचा. नवरात्रात प्रयोग कुणी लावतच नसे, त्यामुळे काही बिघडत नव्हतं. तापमानाच्या रजिस्टरात तो त्या दिवशीही सदतीसच लिहायचा. तसं तर तो रोजच न बघता सदतीस लिहायचा. त्याच्या आधीचा शिपाईही तेच लिहायचा आणि खाली विभागप्रमुखांची सही असायची, तीही न बघताच.

सरांच्या हाताखाली पीएचडी करणारी अंकिता म्हणून साताऱ्याची मुलगी होती. बोलकी, कष्टाळू. कॅन्सरची पेशी जागची हलते कशी, हा तिचा विषय. जेवणाच्या सुट्टीत ती आणि ज्ञानू चहाला माझ्याकडे यायचे, कारण त्यांच्याकडे खाण्यापिण्याला बंदी होती. तिनं ज्ञानूला सांगितलं, की पेशी म्हणजे नुसता पाण्याचा थेंब नसतो, तिला आतून प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा असतो. केराटिनचे धागे पेशीला घट्ट ठेवतात, शेजारणीला धरून ठेवतात. भटकायला निघालेली पेशी ते धागे टाकून देते, व्हिमेंटिन नावाचे दुसरे, लवचीक धागे अंगात भरते आणि शेजार सोडते. ॲक्टिनचे धागे पुढच्या कडेला वाढत जातात आणि तिला पुढं ढकलतात, मागच्या बाजूला ते सुटत जातात.

"म्हंजी फुडं विणायचं आन मागं उसवायचं," ज्ञानू म्हणाला.

अंकितानं ते वहीत लिहून घेतलं. हेच वाक्य तिला सरांकडून दोन वर्षांत मिळालं नव्हतं.

ज्ञानूला या विषयाची गोडी उगीच नव्हती. हंबीररावांच्या जिभेच्या डाव्या कडेला चट्टा उठला होता. चाळीस वर्षं गालात तंबाखूचा बार धरून त्यांनी देशाची सेवा केली होती, त्याचं हे पदक. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. हंबीरराव शत्रूसमोर कधी मागं हटले नसतील, पण डॉक्टरांसमोर हटले. सुरी लागली की कॅन्सर चवताळतो आणि अंगभर पसरतो, हे आमच्या सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. "आप्पासोचं बघ की," ते म्हणायचे. "चांगला हिंडत फिरत व्हता. ऑपरेशन केलं आन चार म्हयन्यात गेला." आप्पासो त्यांचा शेजारी. तो डॉक्टरकडे गेला तोच दीड वर्ष उशिरा, पण गावात तेवढं कोण मोजतं?

शेवटी ज्ञानूनं भावाला सांगलीला आणून अंकिताचे फोटो दाखवले. बशीत पेशींचा सलग थर. त्यात तिनं बारीक नळीच्या टोकानं एक ओरखडा ओढलेला. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत दोन्ही कडांच्या पेशी सरकत आल्या आणि ओरखडा बुजला. "बघा दादा, कशा सोताहून हलत्यात," ज्ञानू म्हणाला.

हंबीररावांनी चष्मा सारखा केला. "ओरखडा काढलास, तवाच हलल्या न्हवं? मग मी काय येगळं सांगतोय?"

मी व्हरांड्यात जाऊन हसलो. ज्ञानूला मात्र घाम फुटला. पुढं महिनाभर तो दर रविवारी लोणंदला जात राहिला आणि भावाला एकच गोष्ट समजावत राहिला. ओरखडा फक्त जागा मोकळी करायला असतो, म्हणजे चाल डोळ्यांना दिसते. "आवं दादा, तिला सुरी लागत न्हाई. ती आतनं धागा काढती, फुडं विणती, मागं उसवती, आन सरकती. तुमी गप बसला म्हणून ती गप बसायची न्हाई." ते हंबीररावांना पटलं. पहारा ढिला पडला की शत्रू सरकतो, हे त्यांना कळण्यासारखं होतं. लीलावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, लगेच मिरजेच्या एका इस्पितळात तारीख घेतली. कोजागिरीनंतरचा सोमवार.

आता खंडेनवमीकडे येतो. त्या वर्षी सरांना परिषदेत निबंध वाचायचा होता आणि निबंधात घालायला काही नव्हतं. बांधावर, रेल्वेच्या कडेला जिकडंतिकडं माजलेल्या घाणेरीच्या पाल्याचा अर्क कॅन्सरच्या पेशींना थांबवतो, असं त्यांना वाटत होतं. का वाटत होतं ते विचारू नये, विभागप्रमुखांना वाटतं. त्यांनी अंकिताला नेमका खंडेनवमीच्या सकाळी प्रयोग लावायला सांगितला. अर्क घातलेल्या तीन बश्या मोठ्या कपाटात, बिनऔषधाच्या साध्या बश्या धाकट्यात. बश्या ठेवून ती दसऱ्याला साताऱ्याला निघून गेली.

अकरा वाजता ज्ञानूनं पूजा मांडली. झेंडू त्या वर्षी महाग होता, हार एकच आणलेला. तो मोठ्या कपाटाला घातला. धाकट्याला हार नाही, म्हणजे पूजा नाही, म्हणजे विसावाही नाही. ते तसंच चालू राहिलं. मोठ्याचं बटण त्यानं हात जोडून बंद केलं आणि दुसऱ्या सकाळी सहाला येऊन पुन्हा चालू केलं. आत काय ठेवलंय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि नारळ कुणी फोडला म्हणता? मी. ज्या मास्तरनं पंचवीस वर्षं पोरांना उष्णता शिकवली, तो बटण बंद होताना समोर उभा होता आणि खोबरं खात होता.

दसऱ्याला दहा वाजता सर स्वतः फोटो काढायला आले. धाकट्या कपाटात ओरखडे बुजलेले. मोठ्यातले तिन्ही आ वासून तसेच. पेशी रंगवून पाहिल्या तर पुढच्या कडेचे ॲक्टिनचे धागे विरलेले. प्रयोग तीनदा करावा असा नियम आहे. इथं बश्या तीन होत्या, म्हणजे नियम पाळलाच. चौथ्या दिवशी पेपरात सरांचा फोटो आणि मथळा आला: 'घाणेरीनं बांधले कॅन्सरचे पाय!'

त्याच सकाळी हंबीररावांचा फोन आला. ज्ञानू माझ्याकडेच चहा पीत होता.

"पेपरात आलंय ते खरं हाय का रं?"

"खरं हाय दादा," ज्ञानू म्हणाला. आवाजात काय तो रुबाब. "माझ्याच मशीनमधी झालंय. म्या डोळ्यानं बघितलंय."

सोमवारची तारीख रद्द झाली. ज्या माणसानं महिनाभर बस झिजवून भावाला सुरीखाली जायला तयार केलं, त्याच्याच एका वाक्यानं सगळं पाण्यात गेलं. मी पाहत होतो. त्याला अडवायला हवं होतं, पण पेपरात छापून आलं की मलाही खरं वाटतं. लोणंदला घाणेरीचा काढा सुरू झाला, दोन वेळ, तांब्याच्या पेल्यातून.

दिवाळी संपली. अंकितानं परत आल्यावर प्रयोग पुन्हा लावला. पेशी अर्क पिऊन खुशाल ओरखडा ओलांडून गेल्या. पुन्हा लावला, पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा ती माझ्या प्रयोगशाळेत येऊन टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. "ज्ञानूमामा, त्या दिवशी काय वेगळं होतं हो? मला काही सुचत नाही."

ज्ञानूच्या हातात कपबशी होती. ती त्यानं हळूच खाली ठेवली.

"त्या दिशी खंडेनवमी व्हती, ताई."

मग त्यानं सगळं सांगितलं. हार एक, बटण एक, रजिस्टरात सदतीस. धाग्यांचं विणकाम ऊब गेली की मंदावतं, पेशी जागच्या जागी गारठून बसतात, हे अंकितानं त्याला नाही, मला समजावलं. तो आधीच उठला होता आणि भिंतीला टेकून उभा होता. "दादा पाच आठवडं ते पाणी पित्यात," एवढंच तो म्हणाला. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त माझा.

आम्ही तिघं सरांकडे गेलो. सरांनी शांतपणे ऐकलं. मोठी माणसं ऐकतातच शांतपणे.

"कपाट बंद केलं तरी ऊब टिकते," ते म्हणाले. "आणि रजिस्टरात सदतीस आहे. अक्षर तुझंच ना?"

"न बघता लिवलंय, सायेब."

"मग ती चूक तुझी. माझं संशोधन कसं चुकलं?" मग आवाज मऊ करून, "ज्ञानू, निवृत्तीला वर्ष राहिलंय ना तुझं? गप्प राहावं माणसानं."

बाहेर आल्यावर ज्ञानू अंकिताला म्हणाला, "ताई, औषिद घालूच नगा. साध्या बश्या ठिवा आन नुसतं मशीन बंद करा. बघू काय हुतंय." त्या विभागात पाच जणांकडे डॉक्टरेट आहे. पाचांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बिनऔषधाचे ओरखडे जसेच्या तसे उघडे होते. कपाट चालू केलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पेशी निघाल्या आपल्या वाटेला.

"मेल्या न्हवत्या," ज्ञानू म्हणाला. "निस्त्या गारठल्या व्हत्या." फोटो त्यानं दोन्ही हातांनी घेतले आणि पिशवीत घातले.

लोणंदला मीही गेलो. नारळाचं खोबरं पचत नव्हतं म्हणा. हंबीरराव सोप्यावर खुर्चीत बसले होते, समोर तांब्याचा पेला. डोळे पिवळसर झालेले. आणि मानेच्या डाव्या बाजूला, जबड्याखाली, सुपारीएवढी गाठ. ती आम्ही येतायेताच पाहिली. ज्ञानूनंही पाहिली. तो पायरीवरच थांबला.

"भावजी, तुमीच सांगा यास्नी," लीलावहिनी म्हणाल्या. "शेरडं तोंड लावीनात त्या पाल्याला आन हे दोन येळा पित्यात."

ज्ञानूनं फोटो पुढं केले आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. हंबीररावांनी फोटो बघितलेच नाहीत.

"तुझ्या सायबापरीस तू शाणा झालास व्हय?"

"न्हाई दादा. सायेब खोटं बोललं न्हाईत. म्या खोटं लिवलं."

"काय लिवलंस?"

"सदतीस."

"बघून?"

"न बघता."

 विणकाम, धागे, बश्या यांचं हंबीररावांना काही नव्हतं. पण पहाऱ्यावर न बघता 'सर्व ठीक' लिहिणारा शिपाई म्हणजे काय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि असा शिपाई ते आपणहून येऊन सांगत नाही, हेही. त्यांनी पेला उचलला आणि अंगणात ओतला.

"लीला, पिशवी भर," ते म्हणाले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. जीभ निम्मी गेली, मानेच्या गाठी काढल्या. गाठीत कॅन्सर पोचला होता. ज्ञानूनं सर्जनला गाठून एकच विचारलं, ठरल्या सोमवारी आणलं असतं तर मानेत गेला नसता का? सर्जन भला माणूस. "तसं नक्की सांगता येत नाही," म्हणाला. ज्ञानूनं ते ऐकून घेतलं. पटलं नाही ते चेहऱ्यावर दिसत होतं.

कॉलेजात चौकशी समिती बसली. समितीला तीन बैठकांत आणि पुष्कळ बटाटेवड्यांत असं आढळलं, की सर्व दोष यंत्राच्या अनधिकृत पूजेचा आहे. ज्ञानूला लेखी ताकीद मिळाली. नारळाचा उल्लेख अहवालात नव्हता. मी प्राचार्यांना तो करायला सांगितला, तर ते म्हणाले, कशाला उगाच. सर परिषदेला गेलेच. निबंधाचं नाव फक्त बदललं: 'कमी तापमानाचा कॅन्सर पेशींच्या सांगाड्यावर व हालचालीवर होणारा परिणाम'. साध्या बश्या गार कपाटात ठेवायची कल्पना फार अभिनव आहे असं अध्यक्षांनी म्हटलं. सरांनी नम्रपणे मान झुकवली. अंकिताचं नाव तिसरं होतं. ज्ञानूचं कुठंच नव्हतं.

ताकीद मिळाली त्या दिवशी संध्याकाळी आम्ही मिरजेला इस्पितळात गेलो. हंबीरराव बसते झाले होते. नाकात नळी, गळ्याला पट्टी. ज्या आवाजानं ते पाचशे जवानांना एका जागी उभं करत, त्याच्या जागी आता घशातली नुसती घरघर होती. बोलायला म्हणून वहिनींनी नातवाची पाटी आणून दिली होती. ज्ञानू पलंगाशेजारी खाली मान घालून बसला. त्यांनी बोटानं खूण करून त्याच्या खिशातला कागद मागितला, ताकीद पूर्ण वाचली, खालची सहीसुद्धा वाचली, आणि घडी करून परत दिली. मग पाटी मांडीवर घेतली. वेळ लागला. दोनच शब्दांपाशी थांबले, तिसरा लिहिला आणि पाटी ज्ञानूकडे फिरवली.

'अर्धा इंच जास्त.'

ज्ञानूनं वाचलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.  जेवणाची वेळ झाली तशा वहिनी पाटी पुसायला उठल्या, तेव्हा मात्र त्यानं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.